पाणी खय जाता?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माहिती तंत्रज्ञान : संधी आणि आव्हाने’ असं छापलंय. विषय संयोजकांनी दिला होता आणि मी होही म्हटलं होतं. पण त्यावर तुमची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी आज बोटीच्या इंजिनातलं पाणी गायब कसं होतं, त्यावर बोलणार आहे. त्यात आपल्याच वर्गातल्या एकाचा संबंध आहे. त्याने काल रात्री दम दिलाय, ‘माझा नाव घेतलंस तर उठान जातलंय.’ म्हणून नाव घेत नाही. तुम्हा सगळ्यांना तो कोण ते कळलंच आहे. कृपा करून मागच्या रांगेकडे वळून बघू नका.

आमच्या दादाची बोट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. फायबरची, तीस फुटी, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. बाबा होते तोपर्यंत तेच तांडेल होते, आता दादा आहे. बरोबर तीन खलाशी. इंजिन त्याने सेकंडहँड घेतलं, आणि पैसे मी दिले. पुढे दुरुस्तीचं बिलही माझ्याकडेच यायला लागलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी फजिती इथूनच होणार आहे.

ज्यांचा समुद्राशी संबंध फक्त सुरमईपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. अशा इंजिनात दोन पाणी असतात. एक गोडं, म्हणजे कूलंट घातलेलं. ते इंजिनाच्या पोटात गोल गोल फिरतं आणि बाहेर जात नाही. आमच्या इंजिनात ते सहा लिटर मावतं. दुसरं खारं. ते तळाच्या व्हॉल्व्हमधून पंपाने आत ओढलं जातं आणि काम झालं की एक्झॉस्टच्या धुराबरोबर बाहेर फेकलं जातं. या दोघांची गाठ पडते हीट एक्सचेंजरमध्ये. एक नळकांडं, त्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीसेक नळ्या. नळ्यांच्या आतून खारं पाणी, बाहेरून गोडं. उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. मोटारीत रेडिएटरला वारा लागतो, इथे वाऱ्याऐवजी समुद्र आहे एवढंच.

2023 च्या मे महिन्यात, हंगाम संपता संपता, हे इंजिन तापलं आणि हेड गास्केट गेलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात काम उरकायचं. आपल्या मित्राने इंजिन उघडलं, हेड घासून घेतलं, नवं गास्केट घातलं. कामाआधी त्याने अंदाजपत्रक लिहून दिलं होतं, वहीच्या पानावर. दादाने त्याचा फोटो मला पाठवला. शेवटच्या चार ओळी अशा होत्या : प्रेशर कॅप, ओव्हरफ्लो बाटली, झिंक दोन नग, एक्सचेंजर उघडून साफ करणे. चारही मिळून 3,900 रुपये. मी पुण्यात ऑफिसात बसून उत्तर लिहिलं, ‘हे शेवटचे चार आत्ताच करायला हवेत का? पुढच्या वर्षी बघू.’ तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसलेला नाही.

ऑगस्टमध्ये बोट समुद्रात गेली. पहिल्याच आठवड्यात दादाचा फोन. रोज सकाळी कॅप उघडली की पाणी कमी. अर्धा लिटर. इंजिनाखाली थेंब नाही, तेलात पाणी नाही, कुठे ओल नाही. ‘पाणी खय जाता ताच कळणा नाय.’

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा ते लोक रात्री दहाला परतले. संध्याकाळी सहाला यायचे होते. काटा लाल रेघेत जायचा, इंजिन बंद करायचे, पाऊण तास वाऱ्यावर तसेच हेलकावे खायचे, पाणी ओतायचे, पुन्हा निघायचे. असं तीनदा. त्या रात्री वहिनी जेटीवर चार तास उभी होती. मला ते नंतर कळलं. मला दुसऱ्या दिवशी आला तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. कॅप उघडी, आत नव्याने पाणी भरलेलं, इंजिन चालू, आणि पाण्यात बुडबुडे येतायत.

माझ्याकडे मेकॅनिकलची पदवी आहे, 2002 ची. ती हातात पडली त्याच वर्षी मी सॉफ्टवेअरमध्ये गेले. तेव्हापासून एकही नट फिरवलेला नव्हता. तरी परदेशातल्या ग्राहकाच्या दोन मीटिंगांच्या मध्ये मी दहा मिनिटं वाचलं, आणि दादाला सांगितलं, ‘बुडबुडे म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हेड गास्केटच. काम नीट झालेलं नाही.’

दादाने हे वाक्य जसंच्या तसं जेटीवर म्हटलं, लिलावाच्या वेळी, दहा माणसांसमोर. ‘माझी बहीण मेकॅनिकल इंजिनिअर आहे, तिनेच सांगितलंय.’ आणि मजुरीचे राहिलेले 5,000 रुपये अडवून ठेवले. आपला मित्र काही बोलला नाही. तो शाळेतही बोलायचा नाही, तुम्हाला आठवत असेल, छड्या खायचा पण खोडी कुणी काढली ते सांगायचा नाही. त्या आठवड्यात आणखी दोन बोटींनी त्याच्याकडचं काम काढून घेतलं.

गणपतीला मी घरी आले तेव्हा वहिनीने मला मोदकाच्या उकडीबरोबर हे सगळं ऐकवलं. माझ्या पोटात गोळा आला. मी तशीच त्याच्या शेडवर गेले. म्हटलं, माझी चूक असेल तर दाखव, तुझी असेल तर तसं सांग, पण एकदा येऊन बघ. तो म्हणाला, मी इंजिनाला हात लावणार नाही. उद्या लोक म्हणतील, गुपचूप दुरुस्त करून गेला. ‘तू शोध. मी बसतंय.’

तर दुसऱ्या दिवशी सुकतीला मी इंजिनाच्या खोपटात वाकलेली, दादा स्टूल घेऊन शेजारी, आणि हा वर कठड्यावर बसून प्रश्न विचारतोय. तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. पुढचे तीन दिवस आमचं हेच चाललं.

त्याचा पहिला प्रश्न बुडबुड्यांबद्दल होता. व्हिडिओ काढला तेव्हा पाणी भरून किती वेळ झाला होता? दादा म्हणाला, लगेच काढला. मग ते बुडबुडे कसले? रिकाम्या जागेत अडकलेली हवा वर येणारच. पाच-दहा मिनिटांनी थांबले तर ती हवा. थांबलेच नाहीत, इंजिनाचा वेग वाढवला की वाढले, तर गॅस. आणखी एक परीक्षा त्याने सांगितली, ती मला फार आवडली. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप लावून सुरू करायचं आणि वरचा होज पाइप हाताने दाबून बघायचा. पाणी अजून तापलेलं नाही, म्हणजे ते फुगलेलं नाही, म्हणजे पाइप मऊच असायला हवा. एक-दोन मिनिटांत तो दगडासारखा कडक झाला तर आत सिलिंडरचा दाब शिरतोय. मी दाबला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मऊ. दादाने दाबला. मऊ. त्याने खाली बघितलं. मीही.

माझं निदान तिथेच संपलं. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत सेकंद नंबर एक्केचाळीस नव्हता, आणि मी तो विचारला नव्हता.

पण मग पाणी जातं कुठे? गाडीत पांढरा धूर आला की पाणी जळतंय असं समजतात. आमच्या बोटीत एक्झॉस्टमध्ये खारं पाणीच सोडलेलं, तिथे वाफ रोजचीच, त्यामुळे धुरावरून काही कळत नाही. इंजिनाखाली आम्ही फडक्याने पुसून घेऊन जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि अर्धा तास चालवलं. कागद कोरडे. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी पाझरतं, ते कोरडं. होज पाइपांच्या क्लिपा कोरड्या.

इथे त्याने दादाला झापलं. दीड महिना दादा साधं पाणी ओतत होता, त्यामुळे कूलंटचा हिरवा रंग जवळजवळ गेला होता. साधं पाणी गरम लोखंडावर पडलं की सुकून जातं, मागे खूण ठेवत नाही. रंगीत कूलंट सुकलं तरी डाग राहतो. म्हणजे बोट चालू ठेवण्यासाठी जे केलं त्यानेच पुरावा धुतला गेला. आमच्याकडे सर्व्हर अडकला की कुणीतरी घाईने रीस्टार्ट करतो, काम सुरू होतं आणि का अडकला होता त्याच्या खुणाही जातात. मी ज्युनिअर मुलांना त्यावरून ओरडते. आणि माझ्या घरच्या बोटीवर दीड महिना तेच चाललं होतं. आमच्या धंद्यात ‘मेमरी लीक’ म्हणून एक आजार आहे, मेमरी हळूहळू कमी होत जाते आणि कुठे जाते ते दिसत नाही. ते शोधायचेच मला पगार मिळतो. असो.

तेवढ्यात मला एक गोष्ट सापडली, आणि मी खूश झाले. कॅपच्या गळ्यातून एक बारीक नळी निघते, ती ओव्हरफ्लो बाटलीत जाते. बाटली फुटलेली होती, म्हणून दादाने पिण्याच्या पाण्याची बाटली तारेने बांधली होती. नळीचं टोक बाटलीत वरच लोंबत होतं. आता हिशोब करा. पाणी तीस अंशांवरून ऐंशीवर गेलं की सुमारे अडीच टक्के फुगतं. सहा लिटरला दीडशे मिली. ते बाटलीत जाणार, थंड झाल्यावर परत आत ओढलं जायला हवं. पण नळीचं टोक पाण्यात बुडालेलं नसेल तर आत जाते हवा. आणि दादा रोज सकाळी काठोकाठ भरायचा, म्हणजे रोज दीडशे मिली बाहेर. खलाशी संध्याकाळी ती बाटली ओतून टाकायचे, भरली म्हणून!

मी म्हटलं, सापडलं. वरून आवाज आला, ‘अर्धो लिटर जाता. तुझो दीडशे झालो. बाकीचो खय?’

साडेतीनशे मिली अजून बेपत्ता होते. एकाच लक्षणामागे दोन दोष असू शकतात, आणि पहिला सापडल्याच्या आनंदात दुसरा राहून जातो, हे मला नवीन नव्हतं. तरी मी फसलेच होते.

आता संशय एक्सचेंजरवर. नळीला छिद्र असेल तर काय होईल बघा. प्रेशर कॅप 0.9 बारची आहे. इंजिन तापलं की गोड्या पाण्याचा दाब तिथपर्यंत चढू शकतो. त्या दाबामुळेच पाणी शंभराला न उकळता साधारण 118 अंशांपर्यंत टिकतं. खाऱ्या बाजूला दाब त्याहून बराच कमी. म्हणजे धंद्यावर असताना गोडं पाणी छिद्रातून खाऱ्यात जाणार आणि एक्झॉस्टवाटे थेट समुद्रात. बोटीत थेंबही दिसणार नाही. उलट सकाळी इंजिन थंड असताना आतला दाब शून्य, आणि खाऱ्या पाण्याचा पंप मात्र पहिल्या फेऱ्यापासून ढकलतोय. त्या वेळी थोडं खारं गोड्यात शिरणार. म्हणजे आतल्या पाण्यात मीठ सापडायला हवं.

दादा म्हणाला, मग चाखून बघू. आणि बोट बुडवायला गेलासुद्धा. वरून असा ओरडा आला की शेजारच्या बोटीवरचे लोक उठून उभे राहिले. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड लागतं आणि विषारी असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. घरी मुलं, मांजरं, कुत्री असतील त्यांनी जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. हे मुद्दाम सांगते, कारण जेटीवर चाखून बघणारे अजून आहेत.

चाखायचं नाही तर मीठ ओळखायचं कसं? तेव्हा मला बाई आठवल्या. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगायला जरा लाज वाटते, कारण तुमच्या तासाला मी मागच्या बाकावर कादंबऱ्या वाचायचे. पण मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा अवक्षेप येतो, हे डोळ्यांसमोर होतं. परीक्षानळी उजेडात धरलेला तुमचा हात आणि हिरवी बांगडी, तेसुद्धा. मी बाईंच्या घरी गेले. बाईंनी ‘गणपतीत काय हे’ म्हणून कपाळाला हात लावला आणि पाच मिनिटांत चप्पल घालून तयार. शाळेला सुट्टी, पण किल्ली मिळाली. ती तपकिरी बाटली अजून त्याच कपाटात, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली.

बाईंनी आधी सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकायला लावले, म्हणजे इतर क्षारांमुळे फसगत होत नाही. मग सिल्व्हर नायट्रेट. परीक्षानळी पांढरीफटक झाली. मी उडी मारली. मित्र दारात उभा होता, प्रयोगशाळेत पाय टाकायला अजून घाबरतो वाटतं. त्याने दादाला एवढंच विचारलं, ‘दादा, पाणी खयच्या बावीचा भरी होतास?’

खाडीकाठच्या विहिरीचं! जी उन्हाळ्यात मचूळ होते, जिचा चहा फुटतो. माझी उडी फुकट. मीठ विहिरीतूनच आलं असेल तर?

मग बाईंनी आम्हाला रीतसर बसवलं. चार नळ्या. इंजिनातलं पाणी, विहिरीचं पाणी, डब्यातलं नवं कूलंट, आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. शुद्ध पाणी स्वच्छ. नवं कूलंट जवळजवळ स्वच्छ. विहिरीचं थोडं दुधाळ. इंजिनातलं पांढरंफटक. मग प्रत्येकात दहा पट शुद्ध पाणी घालून पुन्हा. आता विहिरीच्या नळीत काही दिसेना, इंजिनातल्या पाण्याची मात्र अजून दुधाळ. पावसाळ्यानंतरच्या विहिरीने एवढं मीठ कुठून आणायचं? समुद्रच आत आला होता. माझी बोटं दोन दिवसांनी काळी पडली, सिल्व्हर नायट्रेटचे डाग उजेडात काळे होतात. सोमवारी कॅमेऱ्यासमोर ग्राहकाने विचारलं, हाताला काय झालं. म्हटलं, गृहपाठ.

तिसऱ्या दिवशी शेवटची परीक्षा. त्याने शेडमधून स्वतः बनवलेलं एक अवजार दिलं. जुनी कॅप, तिला मधोमध सायकलचा व्हॉल्व्ह डाखलेला, आणि काटा असलेला पायपंप. इंजिन थंड. कॅप लावून तेरा पाउंडांपर्यंत दाब भरला, म्हणजे तेच 0.9 बार. वीस मिनिटांत काटा नऊवर आला. बाहेर थेंब नाही. आता एक्सचेंजरचं खाऱ्या बाजूचं झाकण काढायचं. मी क्लिपेला स्क्रूड्रायव्हर लावला तेवढ्यात वरून, ‘तळाचो व्हॉल्व्ह?’ बंद केलाच नव्हता. पाइप निसटला असता तर समुद्र सरळ बोटीत आला असता. व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्याच्या सांगण्यावरून इंजिनाची चावी काढून त्या व्हॉल्व्हलाच टांगली. कारण नंतर तो उघडायला विसरून इंजिन सुरू केलं तर पंपातलं रबरी इम्पेलर कोरडं फिरून जळतं.

झाकण निघालं. तीसेक नळ्यांची तोंडं, मधाच्या पोळ्यासारखी. खारं पाणी काढून टाकलं, फडक्याने कोरडं केलं. सकाळीच आम्ही गोड्या बाजूला थोडं नवं हिरवं कूलंट मिसळलं होतं, दिसावं म्हणून. पुन्हा तेरा पाउंड. आणि वाट बघत बसलो. मी टॉर्च धरून पालथी, दादाचा श्वास माझ्या मानेवर. आठ मिनिटं काही नाही. मग खालच्या ओळीतल्या एका नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं. फुगलं, लांबट झालं, गळालं. हिरवा थेंब.

दादा उठून बाहेर गेला. मला वाटलं चिडला. तो कठड्याजवळ जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘चाय पितंस?’ मला नाही, त्याला.

झिंकचं राहिलं. एक्सचेंजरला बाजूने पितळी बूच असतं, त्याला आतून जस्ताची कांडी. दहावीला धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी होती ना, जस्त वर, तांबं खाली? खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की वरचा झिजतो आणि खालचा वाचतो. म्हणून जस्त मुद्दाम ठेवायचं, ते मरतं आणि नळ्या जगतात. ही युक्ती 1824 ची आहे, हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी काढली. तांबं खरंच वाचलं, पण वाचलेल्या तांब्यावर शिंपल्यांचं रान माजलं आणि जहाजं मंद झाली, तेव्हा नौदलाने ती सोडून दिली. आमच्या एक्सचेंजरच्या आत शिंपल्यांची भीती नाही, तिथे कांडी अर्धी झिजली की बदलायची, बस्स. मी बूच काढलं. जस्त नव्हतंच. नुसतं बूच. कधी संपलं कोण जाणे.

मी प्रामाणिकपणे सांगते, जूनमध्ये ते दोन नग बदलले असते तर ती नळी वाचली असती असं नाही. ती तोवर झिजलेलीच असणार, दोन महिने बोट किनाऱ्यावरच होती. पण एक्सचेंजर उघडायची ओळ मी काटली नसती तर ती जूनमध्येच दिसली असती, आणि दादा त्या रात्री दहाला आला नसता. चारपैकी एकच ओळ मी बरोबर काटली होती. प्रेशर कॅप तपासली तर ठणठणीत निघाली. 3,900 पैकी कॅपचे साडेतीनशे मी वाचवले!

मग मात्र त्याने हात लावला. ती एक नळी दोन्ही टोकांना पितळी खुंटी ठोकून बंद केली. तीसात एक गेली तर थंड करण्याच्या ताकदीत फार फरक पडत नाही, पण हा नेहमीचा इलाज नव्हे. नवा गाभा मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. सगळी आतली बाजू स्वच्छ पाण्याने धुवायची, निचरा करायचा, पुन्हा धुवायची. किती वेळा? बाईंनी सांगितलं, सिल्व्हर नायट्रेट पांढरं होईनासं होईपर्यंत. पाच वेळा झालं. मग कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला, असं विचारणारे जेटीवर निम्मे लोक आहेत. ते गोठू नये म्हणून नाही घालायचं, आतलं लोखंड आणि अॅल्युमिनियम गंजू नये म्हणून घालायचं. नवी बाटली बसवली, नळी तळापर्यंत.

माझ्या पुतणीने बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारली आणि वही केली. रोज सकाळी, सुटण्याआधी, इंजिन थंड असताना पाणी रेघेच्या किती वर किंवा खाली. पहिले दोन दिवस थोडं खाली, उरलेली हवा निघाली असावी. तिसऱ्या दिवसापासून रेघेवर. ती वही ती अजून लिहिते, बापाला सही करायला लावते.

मी परत जायच्या आदल्या संध्याकाळी लिलावाच्या वेळी दादाबरोबर जेटीवर गेले. मागच्या वेळी होते त्यातले सात-आठ जण होते. मी सांगितलं की गास्केटचं काम चोख होतं, निदान माझं होतं आणि चुकीचं होतं, आणि जे करायला हवं होतं ते मीच काटलं होतं. दादाने 5,000 रुपये तिथेच दिले. त्याने मोजले नाहीत, खिशात घातले आणि बांगड्याचा भाव विचारला. तुटलेल्या दोन बोटींपैकी एक त्याच्याकडे परत आली. दुसरी आली नाही. ती अजूनही दुसऱ्याकडेच जाते, आणि त्याला कारण माझं एक वाक्य आहे.

जेटीवर जे सांगितलं ते तुमच्यासमोरही सांगायचं होतं, कारण तिथले लोक त्याला कारागीर म्हणून ओळखतात आणि तुम्ही त्याला माझ्या शेजारच्या बाकावरचा म्हणून ओळखता. माझं चुकलं रे. आता उठून गेलास तरी चालेल.

बाईंनी त्याला सिल्व्हर नायट्रेटची एक छोटी बाटली आणून दिली आहे. शेडमध्ये काळ्या कागदात गुंडाळून ठेवतो, आणि हल्ली कुणी पाणी कमी होतं म्हणून आलं की आधी विचारतो, कुठल्या विहिरीचं भरतोस.

दादाची बोट आज मुद्दाम धंद्यावर गेलेली नाही. जेवण झाल्यावर ज्यांना यायचंय त्यांनी जेटीवर चला. ती फुटकी नळी असलेला जुना गाभा शेडमध्ये आहे, छिद्र टाचणीच्या टोकाएवढं आहे, शोधायला वेळ लागेल. वहीही बघायला मिळेल. इंजिन सकाळपासून थंडच आहे, कॅप मी उघडून दाखवीन.